शिवथरची हरवलेली नोंद

अन्वर,

तुझ्या जनाज्याला अख्खं महाड लोटलं होतं. पोलादपूरहून एसटीला नऊ जादा गाड्या सोडाव्या लागल्या, आणि तुला खांद्यावर घेऊन लोक निघाले तेव्हा सावित्री पाच मिनिटं वाहायची थांबली.

तू असतास तर इथेच हात वर केला असतास. बरं बाबा. दोनेकशे माणसं होती. पोलादपूरहून मी एकटाच आलो, साध्या गाडीने, तेही उभ्याने. आणि नदी वाहत होती.

बघ, सवय जात नाही. मी बोलायला लागलो की माझ्या मागे उभा राहून तू बोटं दाखवायचास. दोन बोटं म्हणजे भागिले दोन, पाच म्हणजे भागिले पाच. दोन्ही हात वर गेले की समोरच्याने समजायचं, यातलं काहीच घडलेलं नाही. शेवटी शेवटी तर गिऱ्हाईकं माझ्या तोंडाकडे बघायचीच नाहीत, थेट तुझ्या हातांकडे बघायची. मला राग यायचा. आता मागे कुणी नाही, तर वाटेल तेवढं फेकायला मोकळा आहे मी. पण फेकल्यावर मागे वळून बघतो आणि अडखळतो. आमच्यात आज तेरावा असता. तुमच्यात काय मोजतात ते मी झुबेदावहिनींना विचारलं नाही. मला एक सांगायचं राहिलंय, आणि ते सांगितल्याशिवाय मोजणी कुठली सुरू करणार?

आखातातून येणारी माणसं ब्लँकेटं आणायची, अत्तर आणायची, टेपरेकॉर्डर आणायची. तू आणलंस काय, तर दोन खोकी भरून छापील कागद. झुबेदावहिनींनी पहिलं खोकं उघडलं आणि दारातच बसल्या. "भाऊजी, ह्यात कपडा नाय, साबण नाय, नुसता कागुद!" मला वाटलं तिथल्या उन्हाने तुझं डोकं फिरलं. ते कागद म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेल्या, कुणालाही फुकट वापरता येणाऱ्या प्रणालीचा कोड होता. त्यातलीही तुला प्यारी असलेली एकच फाइल, नेटवर्क फाइल सिस्टमच्या क्लायंटची. दम्मामच्या थंडगार खोलीत बसून तू सहा वर्षं तीच वाचत होतास. लोक तिथून सोनं आणतात रे!

एसटी स्टँडच्या मागे, ट्रान्सपोर्टवाल्याच्या शेजारी आपण टायपिंगच्या आणि याद्या ठेवण्याच्या धंद्यासाठी दोन खोल्या घेतल्या. पुढच्या खोलीत सर्व्हर. तो एवढा अवजड होता की उतरवायला बारा हमाल लागले आणि त्यातल्या तिघांनी दुसऱ्या दिवशी धंदा सोडला. (भागिले चार.) सगळ्या फाइली त्या एका मशीनमध्ये, आणि दोन्ही खोल्यांतली बाकीची मशीनं, म्हणजे क्लायंट, तारेवरून त्याच फाइली आपल्याच असल्यासारख्या वापरणार. गिऱ्हाईकाला हे समजावताना माझी बोबडी वळायची. मी म्हणायचो, "साहेब, हे मशीन अमेरिकेतल्या मशीनशी रोज सकाळी चहाला बसतं." तू मागे दोन्ही हात वर.

तू समजावलंस तेव्हा मात्र नाते गावाहून आलेल्या सुनंदालाही पाच मिनिटांत कळलं. नोकरीचा तिचा पहिला दिवस होता. तू तिला खिडकीतून स्टँड दाखवलास.

"एसटीत सीट कशी पकडतात गो?"

"खिडकीतून रुमाल टाकतात."

"हां. तसं तू फाइल उघडलीस की तुझं मशीन सर्व्हरला सांगतं, ह्या फाइलवर माझा रुमाल. मग दुसऱ्या कुणाला त्यात लिहिता येत नाय. आता गाडी बंद पडली, तर?"

"दुसरी गाडी येते."

"नव्या गाडीच्या कंडक्टरला काय माहीत, कोण कुठं बसलं होतं? म्हणून तो पहिलं दीड मिनिट नवा माणूस घेत नाय. जुन्यांना म्हणतो, या, आपापल्या जागा सांगा. ज्याने सांगितली त्याची त्याला मिळाली. दीड मिनिट संपलं की दार सगळ्यांना उघडं."

"आणि जुन्यातला एखादा चहा पीत राहिला तर?"

तू तेव्हा जेवढा हसलास तेवढा मी तुला आधी कधी हसताना पाहिलं नव्हतं. "त्यासाठीच तर मी सहा वर्षं वाचतोय. तो उशिरा आला, सीटवर दुसरं कुणी बसलंय. आता त्याने काय करायचं?"

"भांडायचं!" हे मी.

"त्याला सांगायचं, तुझी जागा गेली. तो उभा राहील, उतरेल, दुसरी बघेल, त्याचं तो ठरवेल. पण माझी सीट, माझी सीट म्हणत दुसऱ्याच्या मांडीवर नाय बसायचं."

सर्व्हर बंद पडून परत उठल्यावर क्लायंटने काय करायचं, याची तुझी सगळी विद्या एवढीच. सर्व्हर म्हणाला, थांब, अजून जुन्यांचं चाललंय, तर थांबायचं आणि परत विचारायचं. म्हणाला, तू कोण, तर परत ओळख सांगायची. म्हणाला, उशीर झाला, तर वरच्या प्रोग्रामला चूक स्पष्ट सांगायची आणि त्या फाइलीत एक अक्षर लिहू द्यायचं नाही. कुठल्या चुकीवर परत विचारायचं आणि कुठल्या चुकीवर सांगून मोकळं व्हायचं, हे ओळखणं म्हणजे क्लायंट, असं तू वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतंस, आणि ती लाडकी फाइल स्वतःच्या हाताने दुरुस्त करून तसा क्लायंट आपल्या मशीनांवर चढवला होतास.

आणि माझं म्हणणं होतं की गिऱ्हाईकाला चूक दाखवूच नये. चूक दिसली की माणूस घाबरतो, घाबरला की जातो. "तू आतल्या आत मिटव ना रे," मी म्हणायचो. तू म्हणायचास, "दत्ता, गप्पा तू मार. मशीनला मारायला शिकवू नको." हा वाद आपण वर्षानुवर्षं घातला, तेवढ्यात चहाच्या तीन टपऱ्या बुडाल्या आणि चार उभ्या राहिल्या, आणि तो मिटलाच नाही. तू कारणं द्यायचास, मी किस्से. किस्से कारणांना हरत नाहीत.

महाडची लाइट तुला माहीत आहे. जायची ते ठीक, पण परत यायची ती अशी यायची की एकदा पुढच्या खोलीतला पंखा सुटला तो थेट हिरकणीवाडीत जाऊन पडला. (हो, हो, दोन्ही हात.) म्हणून आपल्याकडे रीत आहे, लाइट गेली की आधी सगळी बटणं बंद करायची. आली की ट्यूबलाइट थरथरायची थांबेपर्यंत बघायचं, आणि मगच एकेक बटण चालू. सुनंदा ही रीत देवपूजेसारखी पाळायची. सर्व्हर सोडून बाकी सगळी मशीनं बॅटरीवर चालू असायची, पण मागच्या खोलीतल्या तारा एकत्र करणाऱ्या हबच्या डब्याचं बटण ती बंद करायची. लाइट आली की सर्व्हर उठायचा, दीड मिनिट जुन्यांची वाट बघायचा, पुढच्या खोलीतली मशीनं आपापले रुमाल सांगून मोकळी व्हायची. मागच्या खोलीतलं मशीन बिचारं ओरडत असेल, पण त्याचा डबाच बंद. सुनंदा ट्यूबलाइटकडे बघत उभी. ती बटण दाबायची तोवर उशीर झालेला असायचा, आणि तुझा क्लायंट तुझ्याचसारखा रोखठोक सांगायचा: जागा गेली, फाइल परत उघडा. टाइप केलेलं पान गेलं.

"दत्ताभाऊ, माझं पान परत गेलं! मी नाय परत टायपणार. अन्वरभाईंना सांगा, हे मशीन हाय का सासू?"

त्यावर तिला "बटण बंद करू नको" एवढं सांगितलं असतं तर काम झालं असतं. तू सांगितलंही होतंस. पण कोकणात लाइट गेल्यावर बटण चालू ठेव म्हणणं म्हणजे पायात चप्पल घालून देवळात जा म्हणण्यासारखंच. ती हो म्हणायची आणि हात आपोआप बटणावर जायचा.

मग तू बहिणीच्या लग्नाला श्रीवर्धनला गेलास. चार दिवस.

इथून पुढचं तुला माहीत नाही, अन्वर. इथून पुढे हात वर करू नकोस.

दुसऱ्या दिवशी सुनंदाची तीन पानं गेली आणि ती रडायलाच लागली. मी तुझी फाइल उघडली. तुझ्या शेजारी बसून एवढं तरी शिकलो होतो की चूक वर सांगणारी ओळ कुठली ते मला कळत होतं. ती मी काढली. तिच्या जागी लिहिलं की जुना रुमाल गेला असेल तर गुपचूप नवा टाक आणि काही झालंच नाही असं पुढे चाल. मागच्या खोलीतली मशीनं बंद करून चालू केली. त्या दुपारी लाइट गेली, आली, सुनंदाने रीतसर बटण दाबलं, आणि पान जागच्या जागी! "भाऊ, तुम्ही अन्वरभाईंच्या वरचे निघालात!" ती म्हणाली. मी फुगलो. एवढा फुगलो की त्या खोलीत मावेना. तू परत आलास की सांगेन, बघ, आतल्या आत मिटतं की नाही. पण तू आलास तो लग्नाचे लाडू घेऊन, आणि म्हटलं, राहू दे. उद्या सांगू.

मग तो मंगळवार आला. तरुण मंडळाची रक्तदात्यांची यादी आपल्याकडे असायची. गाव, नाव, रक्तगट आणि निरोप कुठे द्यायचा ते. घाटात गाडी दरीत गेली की दवाखान्यातून पहिला फोन आपल्याला. त्या दिवशी सुनंदा मागच्या खोलीत ती यादी उघडून पत्ते दुरुस्त करत होती आणि लाइट गेली. लाइट आली, पण ट्यूबलाइट थरथरायची थांबेना म्हणून ती बघत उभी राहिली, आणि दीड मिनिट संपल्यावर पुढच्या खोलीत तू यादी उघडलीस. शिवथरच्या शिबिरातली तीन नवी नावं टाकलीस, बंद केलीस, नमाजाला गेलास. मग सुनंदाने बटण दाबलं. माझ्या शहाण्या क्लायंटने गुपचूप नवा रुमाल टाकला आणि तिच्याकडची जुनी यादी तुझ्या नव्या यादीवर लिहिली. तीन नावं गेली. कुठे काही खुट्ट झालं नाही. माझी करामत ना ती!

पुढच्या आठवड्यात पोलादपूरच्या पुढे घाटात वऱ्हाडाची जीप गेली. एका बाईला ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. फोन आला, सुनंदाने यादी बघितली, म्हणाली, "तालुक्यात कुणी नाय."

तू उभा राहिलास. "नाय कसं? शिवथरचा एक हाय. मी स्वतः टाइप केलाय. मंगळवारी."

तिने परत शोधलं. नाही. तू स्क्रीनकडे बघत राहिलास, आणि तुझा चेहरा मी कधी विसरणार नाही, कारण त्यावर माझा संशय नव्हता. तुझा स्वतःचा होता.

तू मोटरसायकल काढलीस आणि आठवणीवर शिवथरला गेलास. नाव आठवत होतं, वाडी आठवत नव्हती. घळीपासून एकेक घर विचारत निघालास. तो माणूस कुठल्या तरी बांधावर गवत कापताना सापडला. मागे बसवून आणलास तसाच, हातात विळा. मी लोकांना सांगतो की तू ते अंतर सतरा मिनिटांत कापलंस. तुला अडीच तास लागले. बाई वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

आणि त्या अडीच तासांत मी काय केलं? ऐक. मी तुझी ओळ परत जागेवर ठेवली. तुझ्याच जुन्या प्रतीतून, फाइलची तारीखसुद्धा जुनीच राहील अशी. मशीनं बंद करून चालू केली. तू धुळीने माखून परत आलास, तेव्हा तुझा कोड तू लिहिला होतास तसा होता.

मंडळाच्या पोरांपुढे तू उभा राहिलास आणि म्हणालास, "चूक माझ्या कोडची हाय. मी शोधून काढीन." सुनंदा रडत होती, "माझ्याच बटणामुळं झालं." तू तिला म्हणालास, "तुझं काय नाय गो." मी त्या दिवशी एकही किस्सा सांगितला नाही. तेवढ्यावरून तरी तुला कळायला हवं होतं रे!

मग तू शोधायला लागलास. वहीत नवं पान काढलंस, वर लिहिलंस, शिवथरची नोंद. चाळीस वेळा सुनंदाला बटण बंद करायला लावलंस, चाळीस वेळा चालू. सर्व्हरची वायर भर कामात उपटलीस. दीड मिनिट संपायच्या आत, संपताना, संपल्यावर, सगळं करून बघितलंस. प्रत्येक वेळी क्लायंटने तेच सांगितलं, जागा गेली. तुला वाटायचं, मग त्या मंगळवारी का नाही सांगितलं? शोधता शोधता त्या परदेशी लोकांच्या कोडमधल्या तीन खऱ्या चुका सापडल्या तुला. त्यांनी आभाराची पत्रं पाठवली, एकाने तर तुला "डॉक्टर" म्हटलं. झुबेदावहिनींनी ते पत्र फ्रेम केलं. त्या फ्रेमकडे बघून मी स्वतःची समजूत घालायचो की बघ, तुझ्या खोटेपणातून काही चांगलं निघालं. पण ते निघालं तुझ्या शोधण्यातून, अन्वर. माझ्यातून निघाले ते नऊ पावसाळे.

शेवटचा आलो तेव्हा तू गादीवर पालथ्या हाताने उशी चाचपत होतास. म्हणालास, "दत्ता, ती शिवथरची नोंद राहिली रे." वहिनी चहा आणायला आत गेल्या होत्या. खोलीत आपण दोघंच. याहून चांगली वेळ मला कुणी वाढून दिली नसती. आणि मी काय बोललो? म्हणालो, घळीतल्या वानरांनी खाल्ली असेल, त्यांचा रक्तगटही तोच निघालाय. तू हसलास, खोकलास, परत हसलास. हात उचलला नाहीस. भागलं नाहीस. मी ते कौतुक समजलो.

जनाज्याच्या नमाजाआधी तुझा इरफान पुढे आला. तुझ्याएवढाच उंच झालाय, आवाज मात्र वहिनींचा. म्हणाला, "अब्बांकडं कुणाचं काय राहिलं असंल, त्यांच्या बोलण्याने कुणी दुखावलं असंल, तर आत्ता मला सांगा. मी उत्तर देईन. नायतर माफ करा." मी कडेला डोक्यावर रुमाल बांधून उभा. कुणी तरी म्हणालं, माफ. सगळे म्हणाले, माफ. मीही म्हणालो. माझं तुझ्याकडे काय राहिलं होतं? तुझं माझ्याकडे राहिलं होतं, आणि तसं कुणी विचारत नाही. इरफान थोडा थांबला, दीड मिनिटही नसेल. मग रांगा जुळल्या. मी उशीर केला.

चार दिवसांनी तो वही घेऊन दुकानात आला. दर चुकीला एक पान, पानाखाली दोन रकाने: कुठे होती, कुणी शोधली. सगळी पानं भरलेली. एक सोडून.

"दत्ताचाचा, ही एकच उघडी हाय. सापडत नाय असं लिहून बंद करू?"

"करू नको," मी म्हणालो. आणि सांगितलं. श्रीवर्धन, ओळ, मंगळवार, तारीख, सगळं. एकही पंखा हिरकणीवाडीला पाठवला नाही. तो ऐकत राहिला. मला वाटलं आता मारेल. मारावं असंही वाटलं.

"अब्बांनी नऊ वर्षं शोधली," तो म्हणाला. मग बराच वेळ वही उघडमीट करत बसला. "आता त्यांना कसं सांगणार? पण सुनंदाताईला सांगा, चाचा. ती अजून समजते, तिच्या बटणामुळं झालं."

मी विसरलो होतो रे तिला. तुझ्या दुःखात एवढा गुंतलो होतो, की जिला सांगता येईल ती जिवंत आहे हेच विसरलो होतो.

वहीत मी लिहिलं. कुठे होती, त्या रकान्यात ओळ. कुणी शोधली, या रकान्यापाशी पेन अडला. तुझं नाव लिहावं असं फार वाटलं. शोभलं असतं. पण ती माझी शेवटची थाप झाली असती. मी लिहिलं, कुणी शोधली नाही, दत्ताने सांगितली.

काल दुपारी नात्याला गेलो. सुनंदाने नोकरी सोडून तीन वर्षं झाली. ओटीवर बसवलं, पाणी दिलं. टीव्ही चालू होता. मी सगळं बोलून थांबलो तेव्हा तिने सवयीने माझ्या खांद्यामागे बघितलं. मागे भिंत होती.

"कितीने भागू, भाऊ?"

"एकाने."

मग म्हणाली, "लाइट गेली की मी त्या दिवसापासनं आपणहून बटणाला हात नाय लावत. घरातल्यासुद्धा. दोन टीव्ही जळले. घरचे म्हणतात खुळी झाली. अन्वरभाई बिचारे म्हणायचे, तुझं काय नाय. मला वाटायचं, समजूत घालतात." आणि मग जे बोलली ते इथे लिहीत नाही. सगळं खरं होतं, आणि ते मी भागून घेतलं नाही.

मी उठायला लागलो आणि लाइट गेली. टीव्ही विझला. आम्ही दोघं तसेच उभे. सुनंदाने वर बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग भिंतीपाशी गेली, हात उचलला, थोडा थांबवला, आणि बटण बंद केलं.

टक् असा आवाज झाला, अन्वर. एवढाच.